जुनी ॲनिमे फिल्म ब्लू-रेवर येते तेव्हा: ग्रेन, डाग आणि ४केची भानगड

प्रश्न असा आहे की ३५-४० वर्षांपूर्वीच्या, सेलवर (पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर) हाताने रंगवलेल्या जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन फिल्म्स आता ब्लू-रे आणि ४केवर (सुमारे ४००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात) येतात तेव्हा एकाच काळातल्या दोन फिल्म्स इतक्या वेगळ्या का दिसतात, एक एकदम जिवंत आणि दुसरी प्लास्टिकची, त्यातला ग्रेन (फिल्मच्या चित्रात दिसणारे बारीक रवे) सरळ काढून का टाकत नाहीत, तेव्हा ४के होतं कुठे, आणि घरी बसून एआयने डीव्हीडी अपस्केल केली, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र फुगवून मोठं केलं, तर बिघडलं काय. मी मुंबईत फिल्म रिस्टोरेशनचं काम करतो, जास्त करून आपल्याकडच्या लाइव्ह ॲक्शन, म्हणजे खऱ्या नटांच्या फिल्म्स, पण मधेमधे सेल ॲनिमेशनही हातातून गेलंय, आणि दोन्हींत फरक एवढा आहे की लाइव्ह ॲक्शनची सवय घेऊन ॲनिमेशनला हात लावला की वाट लागते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ४केचं उरकून टाकू. थिएटरसाठीच्या फिल्म्स ३५ एमएमवर शूट व्हायच्या, त्याची पूर्ण फ्रेम साधारण २४.९ बाय १८.७ मिलिमीटरची. स्कॅनरवर ती ४०९६ बाय ३११२ पिक्सेलमध्ये आरामात घेता येते, म्हणजे ४के तेव्हा नव्हतं पण फिल्म होती, आणि फिल्मला पिक्सेल नसतात, तिच्यात जेवढं टिपलं गेलंय तेवढं कधीही परत काढता येतं. आता सेलच्या चित्रात खरोखर ४के एवढा तपशील असतो का? माझं मत, बहुतेक वेळा २के आणि ४केच्या मधे कुठेतरी असतो, त्यापुढे जे मिळतं तो ग्रेनच. पण तो ग्रेन नीट गोल आणि बारीक यायचा असेल तर स्कॅन ४केचाच लागतो, कमी रिझोल्यूशनला तो खडबडीत आणि डिजिटल नॉइझसारखा येतो. टीव्ही मालिका बहुतेक १६ एमएमवर असायच्या, त्यांची फ्रेम ३५च्या पूर्ण फ्रेमच्या सहाव्या भागाएवढी, त्यामुळे तिथे ४केचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. आणि नव्वदच्या शेवटापासून कॉम्प्युटरवर रंगवायला सुरुवात झाली, तेव्हा ज्या मालिका थेट एसडीत (जुन्या टीव्हीच्या कमी रिझोल्यूशनमध्ये) बनल्या त्यांचं मूळच ७२० बाय ४८० च्या आसपासचं, तिथे स्कॅन करायला काही नाहीच. गंमत आहे ना, १९८८ची फिल्म ४केत खरी निघते आणि २००३ची मालिका नाही निघत.

कामाचा आवाका कळावा म्हणून एक हिशोब देतो. १९८८ची जपानी फिल्म 'अकिरा' १२४ मिनिटांची, २४ फ्रेम प्रति सेकंदाने झाल्या सुमारे १ लाख ७८ हजार फ्रेम्स, आणि पूर्ण ४के १०-बिट (बिट जास्त तितक्या रंगाच्या छटा जास्त) स्कॅनची एक फ्रेम ५१ एमबीची, म्हणजे नुसता कच्चा स्कॅन ९ टीबी. ह्यातली प्रत्येक फ्रेम कुणीतरी डोळ्याने बघायची असते. बजेट कमी असेल तर नाही बघत, आणि तुम्हाला जो फरक दिसतोय तो बराचसा इथूनच सुरू होतो.

स्कॅन कशावरून केला हेही महत्त्वाचं. मूळ कॅमेरा निगेटिव्ह मिळाली तर सोनं, नाहीतर तिच्यावरून काढलेला इंटरपॉझिटिव्ह (सुलट चित्राची मधली प्रत), तोही नसेल तर थिएटरमध्ये फिरलेली प्रिंट, आणि प्रत्येक पायरीला ग्रेन वाढतो, रेषा मऊ होते, काळ्या भागातला तपशील मिटतो. सेल ॲनिमेशनचा एक फायदा असा की डिझॉल्व्ह, डबल एक्स्पोजर, मागून लाइट टाकून केलेली चमक हे सगळं बऱ्याचदा स्टँडवरच्या कॅमेऱ्यातच, रीळ मागे फिरवून परत एक्स्पोज करून केलेलं असतं, त्यामुळे तो इफेक्टसुद्धा पहिल्या पिढीच्या निगेटिव्हवर मिळतो. लाइव्ह ॲक्शनमध्ये असले शॉट ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मवरून फिल्मची नवी प्रत काढणाऱ्या यंत्रावर) व्हायचे आणि ते आले की चित्र एकदम मळकट होतं, ते इथे खूप कमी.

आता खरा मुद्दा. ॲनिमेच्या फिल्ममध्ये एखादा ठिपका दिसला तर तो 'काढायचा' की नाही हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न तो कुठल्या टप्प्यावर आला. कारण चित्र, सेल, बॅकग्राउंड, काच, लेन्स, निगेटिव्ह, प्रिंट असे इतके थर आहेत आणि धूळ प्रत्येक थरावर बसते. ओळखायच्या खुणा आहेत. ठिपका पांढरा आणि एकाच फ्रेमपुरता असेल तर बहुतेक धूळ निगेटिव्हवर आहे, कारण निगेटिव्हवर प्रकाश अडला की पडद्यावर पांढरं दिसतं. काळा ठिपका असेल तर ती घाण पॉझिटिव्हवर, म्हणजे इंटरपॉझिटिव्ह किंवा प्रिंटवर. ठिपका दोन किंवा तीन फ्रेम तसाच राहून मग एकदम गायब झाला तर तो सेलवर होता, कारण ॲनिमेत एक चित्र सहसा दोन किंवा तीन फ्रेमसाठी ठेवतात आणि चित्र बदललं की त्याची धूळही त्याच्याबरोबर जाते. कॅमेरा पॅन होताना ठिपका बॅकग्राउंडबरोबर सरकला तर तो बॅकग्राउंडच्या पेंटिंगवर, आणि सगळं सरकतंय पण ठिपका पडद्यावर जागच्या जागी तर सेल दाबून ठेवणाऱ्या वरच्या काचेवर नाहीतर लेन्सवर. नवीन माणूस आला की मी त्याला आधी हेच ओळखायला बसवतो, टूल नंतर.

ह्याला मशीनची एक झकास मदत आहे. चांगले स्कॅनर रंगीत फिल्मचा इन्फ्रारेडमध्येही एक स्कॅन घेतात. रंगीत फिल्ममधले डाय (रंगद्रव्यं) इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात, पण धूळ आणि ओरखडे नसतात, त्यामुळे फक्त फिल्मवर बसलेल्या घाणीचा नकाशा वेगळा मिळतो. सेलवरची धूळ त्यात येतच नाही कारण तिचा तर फोटो निघालेला आहे, ती आता चित्राचा भाग आहे. म्हणजे कुठला डाग काळाने दिला आणि कुठला त्या दिवशी स्टुडिओत होता हे मशीनच अर्धं सांगून टाकतं. पहिल्या प्रकारचा बिनधास्त काढा. दुसऱ्या प्रकारात मतभेद आहेत. माझं म्हणाल तर चेहऱ्यावरून वळवळत जाणारा केस काढावा, बारीक ठिपके, रंगाचा एखादा ओघळ, आणि सेल नीट चपटा न बसल्याने बॅकग्राउंडवर पडलेली पातळ सावली ह्यांना हात लावू नये. ती सावली काढा म्हणून मागे लागणारे क्लायंट भेटतात. ती काढली की पात्र हवेत तरंगायला लागतं, हे दाखवल्याशिवाय पटत नाही त्यांना.

आणि ऑटोमॅटिक क्लीनिंग. ह्या सॉफ्टवेअरचा साधा नियम असतो, आधीच्या फ्रेममध्ये नाही, पुढच्या फ्रेममध्ये नाही, फक्त ह्याच फ्रेममध्ये आहे म्हणजे घाण. लाइव्ह ॲक्शनमध्ये हे बऱ्यापैकी चालून जातं. ॲनिमेत मात्र एका फ्रेमच्या गोष्टी मुद्दाम चितारलेल्या असतात: पावसाची रेघ, ठिणगी, तलवारीची चमक, बंदुकीचा जाळ, फटका बसतो त्या क्षणाची एकच पांढरी फ्रेम. सॉफ्टवेअर हे सगळं मुकाट्याने खाऊन टाकतं आणि सेलवरची खरी धूळ, जी तीन फ्रेम टिकते, ती त्याला दिसतसुद्धा नाही. उलटा कारभार. पुढे, चित्र दर तिसऱ्या फ्रेमला बदलतं तेव्हा हात एकदम लांब उडी मारतो, सॉफ्टवेअरला ती हालचाल जोडता येत नाही, मग बोटांची टोकं गायब, रेषेला मधेच फट. स्टॅबिलायझरचंही तसंच, स्फोटाच्या शॉटला कॅमेरामनने मुद्दाम फ्रेम हलवलेली असते आणि हे शहाणं ती स्थिर करून ठेवतं, भूकंप होतोय पण फ्रेम शांत. म्हणून ऑटो पास दिला तरी काय काय काढलं त्याची नुसती वजाबाकी वेगळ्या विंडोत चालवून बघायची असते. त्या काळ्या पडद्यावर फक्त ठिपके दिसले तर ठीक, पापण्या आणि पावसाच्या रेघा दिसायला लागल्या की तो पास रद्द. कंटाळवाणं काम आहे, पण ह्याला शॉर्टकट नाही.

ग्रेन का काढत नाहीत ते आता सोपं जाईल. ग्रेन हा फिल्मवर नंतर पडलेला कचरा नाही, चित्र त्या ग्रेननेच बनलंय. सगळा काढायला गेलं की त्याच्याबरोबर त्याच जाडीच्या बाकी गोष्टीही जातात. त्यातली पहिली म्हणजे रेषा. पेन्सिलचं ड्रॉइंग ट्रेस मशीनमधून कार्बनने सेलवर उतरायचं, ती रेषा मुळातच थोडी तुटक, खरखरीत असते, तिच्यात काढणाऱ्याच्या हाताचा दाब दिसतो. डीएनआर (ग्रेन पुसणारं डिजिटल नॉइझ रिडक्शन) तिला गुळगुळीत करतं, मग ती मऊ दिसते म्हणून वर शार्पनिंग मारतात, मग रेषेच्या कडेने पांढरी किनार येते, आणि झालं तुमचं प्लास्टिक तयार. हे फक्त जपानीच नाही, डिस्नेच्या १९६३च्या 'द स्वोर्ड इन द स्टोन'ची २०१३ची ब्लू-रे ह्याच कारणासाठी बदनाम आहे, झेरॉक्सने सेलवर उतरवलेल्या सुंदर खरखरीत रेषा जवळजवळ धुऊन टाकल्या तिच्यात. दुसरी गोष्ट बॅकग्राउंड. पोस्टर कलरने कागदावर रंगवलेलं असतं, ब्रशचे फटकारे आणि कागदाचा पोत सॉफ्टवेअरला नॉइझ वाटतो. स्थिर शॉटमध्ये तर अजून वाईट, पाच सेकंद बॅकग्राउंड हलत नाही म्हणून तिथला ग्रेन पूर्ण पुसला जातो किंवा गोठून बसतो आणि हलणाऱ्या पात्रावरचा तसाच राहतो, म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन वेगळ्या फिल्म्स चिकटवल्यासारखं. तिसरं कारण तांत्रिक आहे आणि लोक विसरतात: साधी ब्लू-रे ८-बिट असते, संध्याकाळच्या आकाशासारखा हळूहळू बदलणारा रंग ८-बिटमध्ये पट्ट्यापट्ट्यांचा दिसायला लागतो, आणि त्या पट्ट्या मोडण्याचं काम ग्रेन फुकटात करत असतो. ग्रेन काढला की पट्ट्या आल्या, मग त्या लपवायला काहीजण वरून खोटा ग्रेन टाकतात. काय बोलणार.

थोडासा ग्रेन कमी करणं मात्र पाप नाही. एखादं रीळ निगेटिव्ह नसल्यामुळे प्रिंटवरून घ्यावं लागलं तर ते बाकीच्या रिळांशी जुळवायला कमी करावंच लागतं, तेवढं आम्हीही करतो.

रंग हा सगळ्यात भांडणाचा विषय, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आवडीचा. निगेटिव्ह स्कॅन केली की थिएटरात कधीच न दिसलेलं दिसायला लागतं, सेलच्या कडा, सावल्या, काळ्या कपड्यातले ब्रशचे ओघळ, कारण प्रिंटचा कॉन्ट्रास्ट जास्त असायचा आणि तो हे सगळं गिळून टाकायचा. हे त्या लोकांना माहीत होतं, त्या हिशोबानेच ते रंगवायचे. मग 'नवीन तपशील दिसतोय' म्हणून सावल्या उघडून ठेवणं म्हणजे स्टेजच्या मागचा पडदा उघडून दाखवणं आहे. काहीजण म्हणतात मूळ सेल मिळतात ना लिलावात, त्याच्यावरून रंग जुळवा. नाही जुळवता येत. सेलवरचा रंग आणि पडद्यावरचा रंग हे मुळातच वेगळे, मधे लाइट, वर ठेवलेले आणखी दोन-तीन सेल (प्रत्येक सेल खालचा रंग किंचित मळवतो, म्हणून खालच्या थराचा रंग बनवतानाच हिशोब ठेवावा लागायचा), फिल्मचा स्टॉक, लॅबचं टायमिंग (प्रिंट काढताना रंग आणि उजेड ठरवणं) असं सगळं येतं. शिवाय सेल ॲसिटेटचा, वर्षानुवर्षं डब्यात राहिला की वाकतो आणि व्हिनेगरसारखा वास मारतो, जुन्या फिल्मला मारतो तसाच. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो नीट राखलेल्या प्रिंटवर, लॅबच्या टायमिंगच्या नोंदींवर आणि शक्य असेल तर त्या वेळी कॅमेऱ्यावर किंवा रंगावर काम केलेल्या माणसावर. जपानी स्टुडिओ घिबलीच्या ब्लू-रे बघताना समाधान वाटतं त्याचं एक कारण हेच की त्यांच्याकडे आत्सुशी ओकुईंसारखा कॅमेरा विभागातला माणूस ह्या कामावर देखरेख ठेवायला होता. १९८४ची 'नाउसिका' २०१० साली ब्लू-रेवर आली तेव्हा ती चकचकीत नव्याकोऱ्या फिल्मसारखी केली नाही, आणि मूळ आवाज मोनो होता तर मोनोच ठेवला.

पण त्याच स्टुडिओच्या 'स्पिरिटेड अवे'ची २००२ची जपानी डीव्हीडी एवढी लालसर निघाली की नाराज ग्राहक कोर्टापर्यंत गेले, २०१४च्या ब्लू-रेत तो लालपणा गेला. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' घ्या, तिच्यात पात्रांच्या बाह्यरेषा मुख्यतः काळ्या नाहीत, तपकिरी आहेत, मुद्दाम ठेवलेल्या. कॉन्ट्रास्ट जरा चढवला की त्या काळ्या पडतात आणि अख्ख्या फिल्मचा मऊपणा जातो, आणि ज्याला हे माहीत नाही त्या कलरिस्टला काही बिघडलंय असं वाटणारही नाही. आणि 'घोस्ट इन द शेल'ची २००८ची '२.०' ही रिमास्टर समजू नका, तिथे दिग्दर्शक ओशी यांनी काही शॉट कॉम्प्युटरवर नव्याने केले आणि हिरव्या छटेचं नारिंगी केलं, ती सरळ वेगळी आवृत्ती आहे. १९९५ची मूळ फिल्म नंतर ४केत आली, घ्यायची तर ती घ्या.

एचडीआरबद्दल (उजळ भाग जास्त चमकवून दाखवणाऱ्या चित्राबद्दल) मी आधी नाक मुरडायचो, जुन्या फिल्मला कशाला म्हणून. पण सेल ॲनिमेशनला तो खरं तर शोभतो, फक्त जागच्या जागी हवा. सेलवरचा रंग म्हणजे परावर्तित प्रकाश, पांढऱ्या रंगापेक्षा उजळ तो होऊच शकत नाही. पण निऑन, हेडलाइट, लेझर हे काळ्या मास्कला भोक पाडून मागून लाइट टाकून शूट व्हायचे, ते खरोखर जास्त एक्स्पोज झालेले आहेत आणि निगेटिव्हमध्ये ती जास्तीची चमक साठलेली असते. २०२०च्या 'अकिरा' ४केमध्ये बाइकच्या टेललाइटच्या रेघा बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. त्या चमकाव्यात, चेहरे नाही. चेहरे आणि आकाशही चमकायला लागलं तर समजा कुणीतरी स्लायडर ओढलाय.

फ्रेमचं थोडक्यात. बऱ्याच फिल्म्स जवळजवळ चौकोनी पूर्ण फ्रेमवर शूट होऊन थिएटरात वरखाली झाकून उंचीच्या १.८५ पट रुंदीत दाखवल्या जायच्या, त्यामुळे जुन्या व्हीएचएसवर कधीकधी वरखाली जास्त दिसतं आणि लोकांना वाटतं ब्लू-रेने कापलं. थिएटरची फ्रेम हीच खरी. उलट ४:३ची टीव्ही मालिका १६:९ करण्यासाठी कापतात तेव्हा चित्राचा चक्क पाव भाग जातो, तसली डिस्क फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता एआय. घरी स्वतःपुरतं करताय तर करा, कुणी अडवत नाही. पण जपानी किंवा अमेरिकन डीव्हीडी म्हणजे ७२० बाय ४८०, त्यात सेकंदाच्या २४ फ्रेम अर्ध्या-अर्ध्या ओळींत (फील्डमध्ये) वाटून ३० केलेल्या, त्यात एमपेगचं कॉम्प्रेशन, आणि हे सगळं खरं चित्र समजून मॉडेल त्याच्यावर रेषा रचतं. क्लोजअपला छान दिसतं, सगळे डेमो क्लोजअपचेच असतात. लाँग शॉट बघा, गर्दीतल्या चेहऱ्यांचे डोळे वितळलेले, दुकानाच्या पाटीवरची जपानी अक्षरं कुठल्याच भाषेतली नाहीत, बॅकग्राउंडचं झाड म्हणजे हिरवा मेणाचा गोळा, आणि प्रत्येक रेषा एकाच जाडीची, जणू सगळी फिल्म एकाच माणसाने एकाच पेनने काढली. जिथे मूळ मटेरियलच एसडीत बनलंय तिथे चांगल्या हाताने केलेलं अपस्केल हाच मार्ग आहे हे मान्य, पण निगेटिव्ह कपाटात असताना कुणी असं करून ४केच्या नावाने विकत असेल तर मी तरी पैसे देणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा'. नव्वदच्या सुरुवातीची, जपानी दिग्दर्शक युगो साको यांची, आपले ॲनिमेटर राम मोहन त्यात सहदिग्दर्शक, जपानी पद्धतीने सेलवर बनलेली. २४ जानेवारी २०२५ला ती ४केत थिएटरात आली. ज्यांनी ती लहानपणी टीव्हीवर पाहिली त्यांच्या डोक्यात तो मऊ, रंग सांडल्यासारखा टेपचा लुक पक्का बसलेला असतो, त्यामुळे मोठ्या पडद्यावर ग्रेन दिसला की अरे हे तर जुनंच दिसतंय अशी कुरकुर होते. जंगलाच्या शॉटमधला बॅकग्राउंडचा ब्रश बघा आणि मग ठरवा.

शेवटचं, आणि हे फुकटातलं आहे. उत्तम डिस्क आणली आणि टीव्हीने तिचा कचरा केला असं खूप घरांत होतं. मोशन स्मूदिंग पहिलं बंद करा, तीन फ्रेमवर धरलेल्या चित्रांच्या मधे टीव्ही स्वतःची चित्रं घुसवतो आणि सगळं साबणासारखं सरकायला लागतं. नॉइझ रिडक्शन बंद, तेही दोन नावांनी दोन ठिकाणी असतं, दोन्ही बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. शार्पनेसचं मात्र मॉडेल बघून, काही टीव्हींत शून्य म्हणजे तटस्थ असतं आणि काहींत शून्यावर चित्र मुद्दाम मऊ होतं, तिथे मधला आकडा बरोबर. एखाद्या पात्राच्या जबड्याची रेष पॉज करून बघत आकडा हळूहळू वाढवा, रेषेच्या बाजूला पांढरी किनार दिसायला लागली की त्याच्या अलीकडचा आकडा तुमचा.